टक्क्याच्या पुढे लिहिलेलं

मी जुनी आहे, हे मीच आधी सांगून टाकते. म्हणजे मित्रांनो, तुम्हाला ते माझ्या तोंडावर म्हणायची तसदी नको. मी एक फाइल आहे. पुठ्ठ्याची आणि नाडीची नव्हे. कंप्युटरच्या पोटात असते तसली, नुसत्या अक्षरांची. डच मुलखातल्या फ्रीसलंड प्रांताच्या पाणी मंडळात माझा जन्म झाला. सखल जमिनीतलं पाणी उपसून समुद्राकडे सोडणाऱ्या आल्डसिलच्या पंपघरातलं मोठं डिझेल इंजिन कसं सुरू करायचं, कसं थांबवायचं, बिघडलं तर कुठे हात घालायचा आणि कुठे अजिबात घालायचा नाही, ते सगळं माझ्यात लिहिलेलं आहे. मला छापलं की एकशे चाळीस पानांचं पुस्तक होतं.

गेल्या मार्चमध्ये एका शुक्रवारी मला पुसून टाकायचं ठरलं होतं. यादीत माझं नाव होतं, पुढे तारीख होती, खाली सही होती. मी अजून इथेच आहे.

मला वीत्स्केनं लिहिलं. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि मंडळाच्या नकाशाघरात टंकलेखनिक होती. शाळा तिनं सोळाव्या वर्षीच सोडली होती. नकाशाघरात एक कंप्युटर आला, त्याच्यासमोर कुणी बसेना, म्हणून तिला बसवलं. ग्रोनिंगनला शिकणाऱ्या भावाकडून तिनं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि त्यातून पानं मांडायची एक भाषा शिकली. शिकवायला कुणी नव्हतं. ती चुकायची, प्रोग्रॅम कुरकुरायचा, ती पान उलटायची आणि पुन्हा लिहायची.

ही भाषा फार बोलत नाही. एक उलटी तिरकी रेघ, तिला चिकटून एक शब्द, पुढे महिरपी कंसात नाव: झालं प्रकरण सुरू. रिकामी ओळ सोडली की नवा परिच्छेद. बाकी सगळं माणूस माणसाला लिहितो तसं लिहायचं. मग प्रोग्रॅम चालवला की उजवीकडच्या कडा अशा सरळ यायच्या, जणू कुणी बसून एकेक ओळ जुळवली आहे. शेजारच्या मंडळांतून माणसं माझी पानं बघायला येत. कुठल्या छापखान्यातून करून आणलं, असं विचारत. वीत्स्के आपल्या टेबलाकडे बोट दाखवायची आणि कॉफी ओतायला निघून जायची.

माझेही दोष होतेच. मी ते लपवणार नाही, कारण दुसरे लपवतात असं मला म्हणायचं आहे. एकदा वीत्स्के एक कंस बंद करायला विसरली आणि पुढची चाळीस पानं तिरक्या अक्षरांत छापून आली. पंपघराचा रखवालदार गोसे फोनवर म्हणाला की आमच्याकडे वारा असतो हे खरं, पण पुस्तक वाकेल इतका नसतो.

दुसरी चूक मात्र माझं आयुष्य घडवून गेली. टक्क्याचं जे चिन्ह असतं, त्याला या भाषेत वेगळंच काम आहे. त्याच्या पुढे त्या ओळीत जे काही लिहाल, ते छापायचं नाही, असा त्याचा अर्थ. टक्का खरोखर छापून हवा असेल, तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. वीत्स्केला हे ठाऊक नव्हतं. डिझेलची टाकी किमान सत्तर टक्के भरलेली असावी, असं तिनं लिहिलं. छापून आलं ते एवढंच, की टाकी किमान सत्तर. दुसऱ्या दिवशी दहाच्या कॉफीला गोसेचा फोन. रखवालदारांचे फोन दहालाच यायचे, कारण तेही तेव्हाच कॉफी घेऊन टेकायचे.

"पोरी, टाकीत किमान सत्तर म्हणतेस," गोसे म्हणाला. "सत्तर काय? बादल्या की बेडूक?"

वीत्स्के खूप हसली, चूक दुरुस्त केली आणि मग तशीच विचार करत बसली. टक्क्याच्या पुढे लिहिलेलं छापलं जात नाही, पण माझ्यात राहतं. म्हणजे पुस्तक वाचणाऱ्यासाठी एक मजकूर, आणि उद्या फाइल उघडणाऱ्यासाठी दुसरा. त्या दिवसापासून ती टक्का टाकून लिहू लागली. हा बोल्ट उलट्या आट्यांचा आहे, आकृती चुकीची नाही. हा आकडा कारखान्याच्या कागदावर वेगळा आहे, गोसेनं स्वतः मोजलाय, त्याचा धरा. छापायचा मजकूर डचमध्ये असे, कारण कार्यालयाची भाषा ती. टक्क्यापुढचं मात्र ती फ्रिशियनमध्ये, आमच्या प्रांताच्या भाषेत लिहायची. घरात बोलतात तसं. दहाच्या कॉफीला जे फोनवर यायचं, ते साडेदहाला माझ्यात असायचं.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी वाचले.

आल्डसिलच्या इंजिनाला माणसाच्या उंचीचं लोखंडी चाक आहे. सुरू करण्याआधी त्या चाकाच्या भोकात पहार घालून इंजिन हातानं एक फेरा फिरवून बघतात. मग पहार काढून भिंतीवरच्या खुंटीला अडकवतात. त्यानंतर दाबलेल्या हवेच्या टाकीचा नळ उघडतात. ती हवा इंजिनात शिरून त्याला पहिला धक्का देते. माझ्या पहिल्या आवृत्तीत सगळे नळ एकदमच उघडायला सांगितले होते. तेलाचा, थंड पाण्याचा, हवेचा. दिसायला नीटनेटकं होतं. पण हवा आत सोडणारी झडप त्या इंजिनात नीट बसत नव्हती, थोडी गळायची. माझ्या जन्मानंतर चौथ्या वर्षी गोसे पहार घालून चाक फिरवत असताना ती गळकी हवा आत गेली, चाक आपलं आपण फिरलं आणि पहारेनं त्याचं उजवं मनगट दोन जागी मोडलं. पुढे त्याला त्या हातानं कपसुद्धा धड धरता आला नाही.

वीत्स्केनं लगेच क्रम बदलला. हवेचा नळ खाली नेला, चौदाव्या पायरीवर, सगळ्यांच्या शेवटी. आणि का नेला, तेही पुस्तकात लिहिलं. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी ते कारण लाल शाईनं खोडलं. पुस्तकात काय करायचं ते असावं, आपल्या इंजिनाचं दुखणं तपासनिसांच्या हातात कशाला द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. वीत्स्के जागेवर परत आली. छापू नको म्हणाले, लिहू नको असं काही म्हणाले नाहीत, असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि ते सगळं तिनं टक्क्यापुढे नेऊन ठेवलं.

पुढे विजेचे पंप आले. डिझेल इंजिन राखीव झालं. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, चाचणीपुरतं चालायचं. मीही वर्षातून एकदाच उघडले जाऊ लागले, मग तेही नाही. गोसे निवृत्त झाला आणि तीन हिवाळ्यांपूर्वी गेला. माझ्या छापील प्रतीला पंपघरात तेलाचे डाग पडले. त्याचं मला वाईट वाटत नाही. डाग पडतात ते वाचल्यामुळेच.

मग रूर्द आला. मंडळाच्या सगळ्या पुस्तिकांचा तो प्रमुख. पस्तिशीचा, उंच, सायकलवरून येणारा, स्वभावानं चांगला. त्यानं ठरवलं की सगळ्या पुस्तिका एकाच नव्या स्वरूपात जातील. हे नवं स्वरूप म्हणजे काय, ते सांगते. त्यात प्रत्येक गोष्टीला टोकदार कंसातली खूण असते. पायरी आली की आधी लिहायचं, ही पायरी. तिच्या आत, हे वाक्य. त्याच्या आत, हे भागाचं नाव. मग भागाचं नाव संपलं, वाक्य संपलं, पायरी संपली, हेही लिहायचं. नळ उघडा, एवढं सांगायला सात ओळी. दर वाक्याला दार, दारावर पाटी, आणि बाहेर पडताना तीच पाटी पुन्हा वाचायची. माझं नवं रूप तयार झालं, ते माझ्या सहापट लठ्ठ होतं. मी त्याला पाहुणा म्हणत असे. त्याच फोल्डरात येऊन बसला होता.

पण खोटं बोलणार नाही. पाहुण्याला काही गोष्टी येत होत्या, त्या मला येत नव्हत्या. कुठली ओळ इशारा आहे आणि कुठली नुसती माहिती, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. तो टॅबलेटवर दिसायचा, डोळ्यांनी अधू माणसाला वाचून दाखवायचा. एखादी खूण उघडी राहिली, तर तो छापायलाच नकार द्यायचा. चाळीस पानं तिरकी करून गुपचूप बसायचा नाही. हे सगळं कबूल. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

मला पाहुण्यात ओतणाऱ्या प्रोग्रॅमनं टक्क्याच्या पुढचं सगळं गाळलं. एकशे बारा ओळी. छापायचं नाही म्हणजे नको असलेलं, एवढंच त्याला कळत होतं. मग देशाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या एका संपादकानं पुस्तक हाती घेतलं. सगळे नळ सहाव्या पायरीवर आणि एकच नळ चौदाव्यावर, हे त्याला विस्कळीत वाटलं. त्यानं हवेचा नळ उचलून इतरांच्या शेजारी नेऊन बसवला. यंत्रानं तपासलं: एकही चूक नाही. खुणा सगळ्या बरोबर होत्या, आणि पहार चाकात असताना हवा उघडी होती.

मी हे बघत होते आणि मला बोलता येत नव्हतं. गुरुवारी चाचणी होती. शुक्रवारी मी पुसली जाणार होते. आणि चाचणी घेणार होती मिंके.

मिंके पंपघराची नवी रखवालदार. विजेचे पंप तिला पाठ. पण डिझेल इंजिन तिनं एकटीनं कधी सुरू केलं नव्हतं. चाचणीच्या आधी मंगळवारी ती सराव म्हणून एका हातात टॅबलेट आणि दुसऱ्या हातात माझी डागाळलेली प्रत घेऊन इंजिनासमोर उभी राहिली. दोन्हींचा क्रम जुळेना. दहा वाजता तिनं कार्यालयाला फोन लावला. टेबलावर कॉफी होती, साखरेचे खडे घातलेला पाव होता, लोणी होतं. रूर्दनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

हवा सहाव्याला की चौदाव्याला, असं तिनं विचारलं. रूर्द म्हणाला की नवीनच बरोबर, जुना कागद टाकून दे, गोंधळ होतो. नवीन पुस्तक पूर्ण तपासलेलं आहे.

"कुणी तपासलं?" मिंकेनं विचारलं.

"यंत्रानं."

"त्याला हात आहेत का? मला दोन आहेत, आणि गुरुवारी दोन्ही त्या चाकाजवळ असणार आहेत."

टेबलाच्या टोकाला वीत्स्के बसली होती. आता तिचे केस पांढरे झाले आहेत आणि आठवड्यातून तीनच दिवस ती येते. तिनं सुरी खाली ठेवली. चौदावी पायरी म्हटल्यावर तिला काहीतरी आठवलं, पण नेमके शब्द आठवेनात. किती वर्षं झाली होती. तिनं रूर्दला सांगितलं, जुनी फाइल उघड. तो म्हणाला की ती शुक्रवारी जाणारच आहे, शिवाय ती उघडायला लागणारा प्रोग्रॅम आता आपल्याकडे कुठे आहे.

"अरे, तुझ्या कंप्युटरवर अक्षरं दिसतात ना?" वीत्स्के म्हणाली. "मग उघडेल ती. बाकी काही लागत नाही तिला."

त्यानं मला उघडलं. पस्तीस वर्षांची मी. आणि एका क्षणात उघडले. पाहुण्याला उघडायचं तर आधी परवाना, मग पासवर्ड, मग फिरणारं चक्र. मला नुसती एक खिडकी पुरली. हे सांगताना मान थोडी ताठ होते, ते तुम्ही चालवून घ्या.

रूर्द चौदाव्या पायरीपाशी आला. वाचू लागला, थांबला. शाळा सोडल्यापासून त्यानं फ्रिशियन लिहिलेलं क्वचितच वाचलं होतं. त्यानं पुन्हा सुरुवात केली, मोठ्यानं, आईशी बोलतात त्या भाषेत.

"हा नळ बाकीच्यांबरोबर वर नेऊ नका, कितीही नीटनेटकं दिसत असलं तरी. झडप गळते. पहार चाकात असताना हवा आत गेली तर चाक फिरतं. गोसेचं मनगट असंच मोडलं. आधी पहार खुंटीला, मगच हवा."

मग फोनमधून मिंके म्हणाली, "म्हणजे शेवटी."

"शेवटी," रूर्द म्हणाला. त्याचा पाव तसाच राहिला.

त्यानं चाचणी पुढे ढकलू या म्हणून पाहिलं. मिंके तयार होईना. काय करायचं ते आता कळलंय ना, मग करून बघते. नाहीतर पुढच्या वर्षीही मी घाबरेन, असं तिचं म्हणणं. गुरुवारी सकाळी रूर्द आणि वीत्स्के दोघंही पंपघरात गेले. मिंकेनं तेल सोडलं, पाणी सोडलं, पहार घालून चाक एक फेरा फिरवलं, पहार काढून खुंटीला अडकवली आणि हात पँटला पुसले. मग तिनं दोघांना भिंतीपाशी उभं केलं आणि हवेचा नळ उघडला. सुरू करायचा दांडा तिनं अजून ओढलाही नव्हता. आत फुस्स झालं आणि ते माणसाएवढं चाक आपलं आपण पाव फेरा फिरून थांबलं. मिंकेनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग दांडा ओढला. इंजिन खोकलं, पेटलं, आणि कालव्याचं पाणी वर चढून समुद्राकडे जाऊ लागलं.

मला वाटलं, झालं, आपण जिंकलो. तसं झालं नाही, आणि ते मी तुम्हाला सांगितलंच पाहिजे.

वीत्स्केचं म्हणणं होतं की आता हीच फाइल खरी धरा, पाहुण्याला रजा द्या. रूर्द नाही म्हणाला. सही तिला करायची असती तर तिनंही नाहीच म्हटलं असतं, इतकं त्याचं कारण सरळ होतं. दोन पुस्तकं ठेवली तर कुठलं खरं, हे दर वर्षी फोन करून विचारावं लागेल. आणि एखाद्या वर्षी फोन उचलायला तुम्ही नसाल. पण त्यानं एक केलं. रोज सकाळी तासभर बसून त्यानं माझ्या एकशे बारा ओळी एकेक करून वाचल्या, अडला तिथे वीत्स्केला विचारलं, डचमध्ये केल्या आणि पाहुण्यात नेल्या. त्यासाठी त्यानं तिथे एक नवी खूण तयार केली. खुणेचं नाव: कारण. आणि ती छापली जाते.

उन्हाळ्यात तपासनीस आला. त्यानं चौदावी पायरी वाचली, खाली छापलेलं कारण वाचलं, आणि विचारलं की झडप गळते हे इतकं स्पष्ट माहीत आहे, तर ती बदलली का नाही. सहा आठवड्यांत नवी झडप बसली.

मित्रांनो, इथे माझी फजिती झाली. तीस वर्षं ते वाक्य मी पोटात बाळगलं होतं. प्राणपणानं सांभाळलं, असा माझा तोरा होता. पण सांभाळलं म्हणजे मी ते झाकूनही ठेवलं होतं. ज्या लठ्ठ पाहुण्याला मी इतकी नावं ठेवली, त्यानं ते चारचौघांत सांगितलं, आणि एका उन्हाळ्यात इंजिनाचं दुखणं बरं झालं. गोसे असता तर हसला असता. बहुधा डाव्या हातात कप धरून.

म्हणून काय मी मान खाली घालू? मुळीच नाही. ते वाक्य पाहुण्याकडे कुठून आलं? मोठ्या साहेबांनी ते खोडलं, प्रोग्रॅमनं गाळलं, संपादकाला त्याची गरज वाटली नाही, यंत्राला त्याच्यावाचून काही कमी दिसलं नाही. ते उरलं होतं फक्त माझ्यात. कारण एका बाईनं खोडलेलं वाक्य खोडलेलं राहू दिलं नाही, आणि मला वाचायला अक्षरांखेरीज काहीच लागत नाही.

रूर्दनं मला शुक्रवारच्या यादीतून काढलं आणि दुसऱ्या कुठल्या यादीत घातलं नाही. माझ्या डोक्यावर त्यानं एवढंच लिहिलं की चालू पुस्तक शेजारी आहे, आधी ते बघा. मी हे मानलं. त्यात अपमान नाही. झडप बसली त्याच आठवड्यात वीत्स्केनं मला उघडलं. आपल्या जुन्या ओळीखाली टक्का टाकला आणि सावकाश लिहिलं: झडप बदलली. तरी हवा शेवटीच.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काही ना काही लिहाल. थोडक्या खुणांच्या भाषेत लिहा नाहीतर भरमसाठ खुणांच्या. त्यावरून आम्ही दोघं भांडत राहू, तुम्ही लक्ष देऊ नका. फक्त काय करायचं एवढंच लिहून उठू नका. असं का, तेही लिहा, आणि छापायची सोय असेल तर छापा. छापू नका असं कुणी सांगितलं, तर निदान कुठेतरी लिहून ठेवा.

आणि माझ्यासारखं जुनं काही सापडलं, तर ते काचेच्या कपाटात ठेवायची भाषा करू नका. जपून ठेवलेलं कुणी वाचत नाही. मला उघडा.